दोन किल्ल्यांचे कुलूप



गोदामात चोरी झाली, शाळेत लेकराशी कुणी वाईट वागले, दवाखान्यात डॉक्टरला मारहाण झाली, की आपल्याकडे निवेदने निघतात. त्या निवेदनांतली पहिली मागणी ठरलेली असते : सीसीटीव्ही कॅमेरे बसवा. दुसरी असते, फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी करा. या मागण्यांत काही गैर नाही. बऱ्याचदा त्या मान्यही होतात. निविदा निघते, भिंतीवर पांढरे घुमट दिसू लागतात, दाराशी बोटाचा ठसा घेणारे यंत्र लागते आणि विषय मिटला असे सगळे धरून चालतात. मला बोलायचे आहे ते यानंतरच्या गोष्टींबद्दल. कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण कुणाच्या ताब्यात राहते? दाराची किल्ली कुणाच्या खिशात असते? आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे किंवा एकाच खात्याकडे असतील, तर ती जागा सुरक्षित झाली असे म्हणता येईल का? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो : नाही म्हणता येणार. ज्याच्या हाती दार आहे, त्याच्याच हाती त्या दाराची नोंद असता कामा नये. दार आणि नोंद वेगळ्या हातांत ठेवण्याची व्यवस्था नसेल, तर कॅमेऱ्यांची संख्या वाढवून सुरक्षितता वाढत नाही. वाढते ती ज्याच्या हाती आधीच सत्ता आहे त्याची सत्ता.

हा प्रश्न गोंदियात मांडण्याला कारण आहे. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानावर जगतो, आणि धान ही उघड्यावर पडून राहणारी संपत्ती आहे. सोने तिजोरीत मावते, धान मावत नाही. इथे तिरोड्याला ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, हावडा-मुंबई मार्गावरचे मोठे जंक्शन आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेली दोन जुनी रुग्णालये आहेत, सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात पोलिसांची सशस्त्र दूरक्षेत्रे आहेत, आणि नागझिऱ्यासारखे जंगल आहे ज्याला भिंतच नाही. म्हणजे कडेकोट बंद करता येणारी जागा आणि अजिबात बंद न करता येणारी जागा, या दोन्ही टोकांचे नमुने एकाच जिल्ह्यात आहेत. गावाचा पहारा पूर्वी कोतवालाकडे असे. त्याचा मुख्य गुण त्याची काठी नव्हती. गावात कोण नवा आला, कुणाच्या घरी रात्री गाडी लागली, हे त्याला ठाऊक असे आणि विचारले तर सांगणे त्याच्यावर बंधनकारक असे. कॅमेऱ्याकडे पाहताना हा विचारण्याचा हक्क आपण हरवून बसलो आहोत.

कॅमेरा नेमके काय करतो ते आधी पाहू. जागेचे रक्षण चार कामांनी होते. येणाऱ्याला अडवणे किंवा निदान त्याला वेळ लावणे, तो आला आहे हे कळणे, कळल्यावर कुणीतरी धावून जाणे, आणि नंतर कोण काय करून गेला याचा हिशेब लागणे. पहिले काम भिंत, दार आणि कुलूप करते. तिसरे काम माणूस करतो. कॅमेऱ्याच्या वाट्याला दुसरे आणि चौथे काम येते. त्यातले दुसरेही पडद्यासमोर कुणी जागे असेल तरच. या बाबतीत जगभर बराच अभ्यास झालेला आहे. ब्रिटनने सार्वजनिक कॅमेऱ्यांवर सुरुवातीच्या काळात सर्वांत जास्त पैसा ओतला, आणि त्यांच्याच गृहखात्यासाठी २००५ साली झालेल्या मूल्यमापनात बहुतेक ठिकाणी गुन्ह्यांवर ठळक परिणाम आढळला नाही. २०१९ साली एरिक पिझा, ब्रँडन वेल्श, डेव्हिड फॅरिंग्टन आणि अमांडा थॉमस यांनी चाळीस वर्षांतले अभ्यास एकत्र तपासले. कॅमेरे असलेल्या जागी गुन्हे सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसले. परिणाम सर्वांत ठळक होता तो वाहनतळांवर. हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही. जिथे पडद्यावर माणूस सतत लक्ष ठेवून होता आणि कॅमेऱ्याला इतर उपायांची जोड होती, तिथे फळ चांगले मिळाले. १३ टक्के हा आकडा छोटा नाही. तो नाकारण्याचा माझा हेतू नाही. पण हा आकडा सांगतो की कॅमेरा हा मदतनीस आहे, आणि मदतनीस कुणाची मदत करतो हे त्याला कामाला लावणाऱ्यावर ठरते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कॅमेरे होते. त्यांनी हल्ला थांबवला नाही, थांबवू शकलेही नसते. त्यांचे चित्रण पुढे खटल्यात पुरावा म्हणून उभे राहिले. म्हणजे चौथे काम झाले. आणि ते झाले याचे कारण असे की त्या चित्रणात दिसणारा गुन्हेगार आणि ते चित्रण सांभाळणारा हे दोघे वेगळे होते.

आता धानाकडे येतो, कारण तिथे हे दोघे वेगळे नसतात. जिल्ह्यात आधारभूत किमतीने धानाची खरेदी मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ या दोन यंत्रणांमार्फत, गावोगावच्या सहकारी संस्थांच्या केंद्रांवर होते. शेतकरी धान आणतो, ग्रेडर ओलावा पाहतो, काट्यावर वजन होते, बारदाना भरला जातो, थप्पी लागते. गोदाम पुरत नाही म्हणून अनेक केंद्रांवर, विशेषतः महामंडळाच्या, थप्प्या ताडपत्रीखाली उघड्यावर राहतात. पुढे मिलर उचल करतो आणि शंभर किलो धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ शासनाला परत देतो. या सगळ्या साखळीत चोर बाहेरून भिंत चढून येतो अशी आपली कल्पना असते, आणि कॅमेऱ्याचे तोंडही त्यामुळे रस्त्याकडे असते. पण अपहाराच्या ज्या तक्रारी आणि गुन्हे या भागात वर्षानुवर्षे नोंदले गेले, त्यांचे स्वरूप वेगळे आहे. व्यापाऱ्याचे धान शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढते. वजनात फरक राहतो. कागदावर असलेले धान थप्पीत नसते आणि ती तूट वाळवण, उंदीर, पाऊस यांच्या नावावर टाकली जाते. धानात खरेदीच्या वेळी १७ टक्क्यांपर्यंत ओलावा मान्य असतो. तो वाळला की वजन खरोखरच घटते, म्हणून खरी घट आणि खोटी घट यांतली सीमा कॅमेऱ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसते ते एवढेच : अमुक वेळी अमुक क्रमांकाचा ट्रक आला, इतकी पोती चढली, तो गेला. एवढ्याचीही किंमत मोठी आहे. ट्रकच्या वेळा आणि क्रमांक काट्याच्या पावतीशी ताडून पाहिले तर बरेच काही बाहेर येईल. मात्र ताडून कोण पाहणार? पावती फाडणारा, किल्ली बाळगणारा आणि चित्रणाच्या यंत्राचा पासवर्ड ठेवणारा एकाच कार्यालयातला असेल तर ताडून पाहणे हे त्याने स्वतःचीच झडती घेण्यासारखे होते.

इथे एक व्यवहारी हिशेब मांडायला हवा, कारण निविदेत तो दिसत नाही. साधारण चांगल्या प्रतीचा एक कॅमेरा दर सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने चित्रण साठवतो असे धरू. दिवसाला सुमारे साडेएकवीस जीबी होतात. आठ कॅमेरे असतील तर दिवसाला १७० जीबीच्या वर. चार टीबीची हार्ड डिस्क यात तेवीस दिवसांत भरते, आणि भरली की यंत्र सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहिते. हे बिघाडामुळे होत नाही. यंत्राची रचनाच तशी आहे. आता धानाचा हंगाम आठवा. खरेदी दिवाळीनंतर सुरू होते, उचल आणि भरडाई महिनोन् महिने चालते, आणि तूट उघड होते ती शेवटची थप्पी हलल्यावर. ज्या दिवशी चौकशी अधिकारी चित्रण मागायला येतो त्या दिवशी डिस्कवर मागच्या तीन आठवड्यांचे रिकामे अंगण असते. चित्रण किती दिवस ठेवावे, याचे उत्तर डिस्कच्या किमतीवरून ठरवण्याची आपली रीत चुकीची आहे. ते गुन्हा किती दिवसांनी उघड होतो यावरून ठरले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश दिला, तेव्हा चित्रण अठरा महिने जपण्याची अट घातली, आणि तशी यंत्रे मिळत नसतील तरी निदान एक वर्ष तरी ते राहावे असे म्हटले. कोठडीत मार खाल्लेला माणूस जामिनावर सुटून, वकील गाठून, तक्रार करायला किती काळ घेईल याचा विचार त्या अठरा महिन्यांमागे आहे. धानाच्या केंद्रांसाठी असा विचार व्हायला हवा. हंगामाचा हिशेब पूर्ण होऊन तपासला जाईपर्यंत फाटकावरच्या आणि काट्यावरच्या, निदान या दोन कॅमेऱ्यांचे चित्रण पुसले जाऊ नये. आठही कॅमेऱ्यांचे ठेवणे परवडत नसेल तर दोन कॅमेऱ्यांचे ठेवा, पण जिथे माल बदलतो तिथले ठेवा.

दार आणि नोंद वेगळ्या हातांत ठेवता येतात का, असा प्रश्न कुणी विचारील. येतात. आपण ते दर निवडणुकीत करून दाखवतो. २०१८ च्या मे महिन्यात भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक झाली तेव्हा २८ तारखेच्या मतदानात यंत्रे मोठ्या प्रमाणावर बंद पडली आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावे लागले. यंत्राबद्दल लोकांच्या मनात शंका असताना ती यंत्रे जिथे ठेवली त्या खोलीवर विश्वास कसा बसणार, हा प्रश्न तेव्हा या जिल्ह्याला अगदी जवळून कळला. स्ट्राँग रूमची पद्धत म्हणूनच लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. खोलीला आत जाण्याची एकच वाट, बाकीची दारे-खिडक्या बंद करून सील केलेल्या. दाराला दोन कुलपे, त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. कुलपावर प्रशासनाच्या सीलबरोबर उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही आपले सील लावता येते. दारावर चोवीस तास कॅमेरा, आणि त्याचे चित्र बाहेर बसलेल्या प्रतिनिधींना पडद्यावर दिसेल अशी सोय. आतल्या घेऱ्यात केंद्रीय दलाचा पहारा, बाहेरच्या घेऱ्यात राज्य पोलिसांचा. घेऱ्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची नोंदवहीत नाव, तारीख, वेळ यांसह नोंद, मग तो जिल्हाधिकारी असो की निरीक्षक. या रचनेत तंत्रज्ञान अगदी साधे आहे. कुलूप बाजारात मिळते तसेच, कॅमेराही तसाच. जी गोष्ट बाजारात मिळत नाही ती म्हणजे एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांना एकाच दारासमोर बसवण्याची कल्पना. पहारा देणाऱ्यावर पहारा देण्याचा हक्क हरण्याची भीती असलेल्या पक्षाला दिलेला आहे. तो जागा राहतो, कारण त्याचे काहीतरी पणाला लागलेले असते. आपल्या जुन्या कोषागारांतही दुहेरी कुलपाची रीत होती, आणि तिच्यामागचा विचार हाच होता.

मात्र याच क्षेत्रात एक पाऊल मागे पडले आहे, आणि ते सांगितले नाही तर माझे म्हणणे अर्धवट राहील. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला ९३ वा नियम बदलला आणि मतदान केंद्रांवरचे कॅमेरा-चित्रण सर्वसामान्य नागरिकाला तपासणीसाठी मागण्याची वाट बंद झाली. पुढे मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने, निवडणूक याचिका दाखल झाली नाही तर हे चित्रण ४५ दिवसांनंतर नष्ट करता येईल असे कळवले. या ४५ दिवसांना आधार आहे. निवडणूक याचिका दाखल करण्याची मुदतही तेवढीच आहे. मतदार कोण आला, कोण आला नाही हे चित्रणातून ओळखून त्याच्यावर दबाव येऊ शकतो, ही आयोगाची काळजीही खोटी नाही. खेड्यात ती तर फारच खरी आहे. पण याचिका करायची ती पुराव्यावर, आणि पुरावा बघायला मिळायचा तो याचिका केल्यावर, असे झाले तर सामान्य माणसाने सुरुवात कुठून करायची? चित्रण सगळ्यांना खुले असणे आणि कुणालाच खुले नसणे, यांच्यामध्ये बरीच जागा आहे. एखाद्या तिसऱ्या अधिकाऱ्यासमोर, नक्कल न घेता, ठराविक वेळेचा भाग पाहू देणे अशक्य नव्हते. स्ट्राँग रूमच्या दाराला दोन किल्ल्या ठेवणाऱ्या व्यवस्थेने चित्रणाला मात्र एकच किल्ली ठेवली, हे मला चिंतेचे वाटते.

चित्रण एकाच्या ताब्यात असले की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच राज्यातल्या जालन्याचे आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरण्याची वेळ दुपारी तीनला संपत होती. विजयी उमेदवाराचा अर्ज तीननंतर आला, असे प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे होते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर कॅमेरे चालू होते. कोण किती वाजता दारातून आत गेले हे त्यांनी टिपले होते. न्यायालयाच्या आदेशाने चित्रण हाती आले, पण ते पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यासाठी कायद्याने लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मूळ यंत्रच हजर केले नसेल, तर प्रमाणपत्राशिवाय अशी नक्कल चालणार नाही. आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर ते देण्याचा आदेश न्यायालयाकडून मिळवता येईल. देशभरातल्या खटल्यांत आज हा निकाल आधाराला घेतला जातो. तो एका दारातून एक माणूस किती वाजता आत गेला या प्रश्नातून जन्मला. निवडून येण्याच्या लढाईतल्या, वकील उभे करू शकणाऱ्या माणसाला जे चित्रण सिद्ध करायला इतकी वर्षे लागली, ते एखाद्या संस्थेच्या सभासद शेतकऱ्याला किंवा वसतिगृहातल्या मुलीच्या बापाला कसे मिळणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने कलम ६३ खाली प्रमाणपत्राचे दोन भाग केले आहेत. एक चित्रण देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात चित्रणाचा हॅश, म्हणजे संगणकाने काढलेली त्याची अंकी ओळखखूण, नोंदवायचा, म्हणजे नंतर एक चौकटही बदलली तर कळावे. कायद्यानेही शेवटी दोन सह्यांचीच वाट धरली, याची नोंद घ्यावी.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर राज्य हादरले. त्या शाळेतले सुमारे पंधरा दिवसांचे चित्रण सापडत नसल्याचे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. शासनाने तातडीने आदेश काढला : शाळांनी महिन्याभरात कॅमेरे लावावेत आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून निदान तीन वेळा चित्रण तपासावे. आदेशामागची तळमळ मी समजू शकतो. पण ज्या शाळेत कॅमेरे होतेच, तिथली अडचण कॅमेऱ्याची नव्हती. चित्रण शाळेच्याच हाती होते ही होती. शाळेला स्वतःची अब्रू राखण्याची काळजी असणारच. तपासण्याचे काम पुन्हा शाळेच्याच प्रमुखावर टाकले, तर जिथे गरज सर्वांत जास्त तिथेच तपासणी सर्वांत दुबळी राहणार. शिवाय सालेकसा किंवा अर्जुनी-मोरगावच्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आठवड्यातून तीनदा कोण तासन् तास पडद्यासमोर बसणार, याचाही विचार हवा. यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका आईकडे नोंदीची दुसरी किल्ली द्यावी. चित्रणाच्या पेटीला खरोखरचे दुसरे कुलूप लावावे आणि ते तिच्या सहीशिवाय उघडू नये. खर्च एका कुलपाचा आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप खासगीपणाचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. चित्रण जितक्या हातांत जाईल तितके ते फुटण्याची भीती वाढते, मग तुम्ही दुसरा हात कशाला मागता? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतले स्त्रियांचे चित्रण समाजमाध्यमांवर विकले जात असल्याचे उघड झाले. त्या घटनेचा धडा नीट वाचला पाहिजे. तिथे दुसरा हात कायद्याने दिलेला नव्हता. कॅमेरा जिथे असूच नये तिथे होता, आणि यंत्राचा पासवर्ड कुणालाही सुचेल इतका सोपा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि चित्रण-यंत्रे जगभरातून ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठ्या संकेतस्थळांचे काम बंद पाडले होते. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. म्हणून माझे म्हणणे असे : हात वाढवा, पण नजर कमी करा. दारावर कॅमेरा असावा, खाटेवर नसावा. जिन्यात असावा, कपडे बदलण्याच्या खोलीत, तपासणीच्या टेबलावर, स्वच्छतागृहाच्या तोंडाशी नसावा. आणि चित्रण कुणी पाहिले याचीही नोंद व्हावी. पाहणाऱ्याची नोंद होणार असेल तर उगाच पाहणारे आपोआप कमी होतात.

दुसरा आक्षेप असा की, किल्ल्या वाटल्या तर संकटाच्या वेळी दार उघडणार कोण? या जिल्ह्यात हा आक्षेप कुणीही हलकेपणाने घेऊ नये. २१ डिसेंबर २०१६ रोजी गोंदिया शहरातल्या बिंदल प्लाझा हॉटेलला लागलेल्या आगीत सात जण गेले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात दहा बाळे दगावली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ साली ५९ माणसे मेली, त्यात बाहेर पडण्याच्या बंद वाटांचा वाटा मोठा होता. म्हणून आत येण्यावरचे नियंत्रण आणि बाहेर पडण्याची मोकळीक या दोन गोष्टी कधीही एकत्र करू नयेत. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे. दोन किल्ल्यांचा माझा आग्रह बाहेरून आत येणाऱ्यासाठी आहे, आणि तोही माल, कागद आणि नोंद यांच्या खोल्यांसाठी. जिथे माणसे झोपतात, शिकतात, उपचार घेतात तिथे आतून एका धक्क्यात उघडणारे दार हवे. चुंबकीय कुलपे घेताना विक्रेत्याला एक प्रश्न आवर्जून विचारावा : वीज गेली की हे कुलूप उघडे पडते की बंद राहते? गोदामाला बंद राहणारे योग्य, वॉर्डाला उघडणारे. आपल्याकडे वीज जाणे ही नेहमीची गोष्ट आहे, तेव्हा हा प्रश्न कागदावरचा नाही. बोटाच्या ठशाबद्दलही तसेच. रोवणी आणि कापणी करणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात, हे रेशन दुकानाच्या यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. किल्ली हरवली तर नवी करता येते. ठसा एकदा चोरीला गेला की नवा करता येत नाही. दोन-तीनशे मजुरांच्या मिलला ठशाच्या यंत्रापेक्षा फोटो असलेले ओळखपत्र आणि चेहरे ओळखणारा मुकादम जास्त उपयोगाचा आहे, असे माझे मत आहे.

खर्चाचा आक्षेप मी लवकर संपवतो. दुसरे कुलूप, नोंदवही, मोठी हार्ड डिस्क आणि बदललेला पासवर्ड यांचा खर्च चार जादा कॅमेऱ्यांपेक्षा कमी येतो. जिथे पैसा कमी आहे तिथे कॅमेरे कमी करा.

एक आक्षेप मात्र खरोखर उरतो, आणि त्याचे उत्तर नागझिऱ्यात शोधावे लागते. भिंतच नसलेल्या जागेचे काय? २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. तिथे झाडांना बांधलेले कॅमेरे वाघाच्या पट्ट्यांवरून वाघ मोजतात, पर्यटकांच्या फाटकावर प्रत्येक गाडीची नोंद होते. पण शिकारी फाटकातून येत नाही. नागझिऱ्यात वाढून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेल्या जय नावाच्या वाघाच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता, राज्यभर त्याचे चाहते होते, तरी एप्रिल २०१६ मध्ये संकेत थांबले आणि तो पुन्हा सापडला नाही. यंत्र पाहत होते, त्याच्याबरोबर चालणारी माणसे कमी पडली. जंगलात दुसरी किल्ली म्हणजे जंगलाकाठचे गाव. गस्तीवर पायी फिरणारा वनरक्षक आणि मोहफुले वेचायला पहाटे जाणारी बाई, यांना जे आधी दिसते ते कॅमेऱ्याला नंतर दिसते. ज्या गावाला जंगलातून पोट भरण्याची वाट मिळते आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळते, ते गाव खबर देते. त्याला चोर ठरवून बाहेर ठेवले, तर कितीही कॅमेरे लावा, ते गाव गप्प राहते.

म्हणून माझी मागणी मोठ्या योजनेची नाही. या जिल्ह्यात सार्वजनिक पैशाने बसवलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याजवळ एक फलक असावा आणि त्यावर मराठीत चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : चित्रण कुणाच्या ताब्यात आहे, दुसरी किल्ली कुणाकडे आहे, चित्रण किती दिवस राहते, आणि पाहायचे असेल तर अर्ज कुणाकडे करायचा. कॅमेरा बंद असेल तर तेही तिथे लिहावे, कारण बंद कॅमेरा चालू असल्याचे भासवणे म्हणजे त्या जागेवर विसंबलेल्या माणसाला फसवणे आहे. खरेदी केंद्रांपासून सुरुवात करता येईल. तिथे दुसरी किल्ली संस्थेच्या सभासद शेतकऱ्यांनी चिठ्ठी टाकून निवडलेल्या, संचालक नसलेल्या एका शेतकऱ्याकडे असावी आणि ती दर महिन्याला बदलावी. येत्या खरीप हंगामाची पहिली थप्पी लागण्याआधी आपापल्या गावच्या केंद्रावर असा फलक लागावा यासाठी ग्रामसभेत ठराव मांडा, आणि हंगाम सुरू झाल्यावर तो वाचायला स्वतः जा.